गायबुरूज

आज आम्ही तुम्हाला एका बुरुजाची गोष्ट सांगणार आहोत. बुरूज परदेशातला आहे, पण भांडण आपल्या ओळखीचं आहे.

इंग्लंडात नॉर्विच नावाचं जुनं शहर आहे. शहराला तटबंदी होती, पण पूर्वेच्या अंगाला वेन्सम नदीच तटाचं काम करायची. नदीच्या वळणावर शहरानं १३९८-९९ मध्ये एक गोल बुरूज बांधला. भोवती गायींचं कुरण होतं, म्हणून त्याचं नाव काऊ टॉवर, म्हणजे गायबुरूज.

उंची जवळपास १५ मीटर. भिंतीच्या आत दगडांचा भराव, बाहेरून विटा. बांधकामाच्या हिशेबात ३६ हजारांवर विटांची नोंद आहे. नदीपलीकडची जमीन चढाची. तिथून शत्रू आला तर तोफ डागता यावी, म्हणून एवढी उंची. भिंतीत बंदुकांसाठी झरोकेही ठेवले. भीती दोघांची होती: फ्रान्सच्या सैन्याची आणि आपल्याच गरिबांच्या बंडाची. कारण १३८१ मध्ये इंग्लंडात शेतकऱ्यांचा मोठा उठाव होऊन गेला होता.

पुढे दीडशे वर्षांनी तसंच घडलं. लोकरीला भाव होता. जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावाच्या सामाईक चराईला कुंपणं घातली. गरिबाची गाय कुठं चरणार? १५४९ च्या जुलैत लोकांनी कुंपणं उपटायला सुरुवात केली. रॉबर्ट केट हा स्वतः जमीनदार. लोक त्याच्या कुंपणापाशी आले, तेव्हा तो त्यांच्याच बाजूनं उभा राहिला आणि पुढारी झाला. शहराजवळच्या माळावर हजारो लोक जमले. त्यांनी राजाकडे २९ मागण्या पाठवल्या. त्यात एक होती, जमीनदारांनी सामाईक कुरणात आपली जनावरं घालू नयेत.

मागण्या मान्य झाल्या नाहीत, लढाई झाली. बंडवाल्यांच्या तोफांनी गायबुरुजाचा माथा फोडला. त्यांनी शहर घेतलंही, पण ऑगस्टअखेर राजाच्या सैन्यानं बंड मोडलं. डिसेंबरात केटला फाशी दिली. १९४९ मध्ये मात्र त्याच शहरानं त्याच्या सन्मानाची पाटी किल्ल्यावर लावली.

माथा फुटलेला बुरूज आजही नदीकाठी उभा आहे.

मैत्रिणींनो, गायरान गेलं की शेळी-गाय सांभाळणाऱ्या बाईच्या पदरचं दूध जातं. तुमच्या गावच्या गायरानाचा सातबारा गटात कुणी पाहिलाय का? नसेल तर तलाठ्याकडून काढून घ्या, बैठकीत मोठ्यानं वाचा, आणि क्षेत्र किती, आज मोकळं किती, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. कुंपण पडायच्या आधी विचारलेलं बरं.