कोपऱ्यात दबा धरून बसलेला ताण

कापडाच्या दुकानातला विक्रेता आठवून पाहा. तो कापड मोजतो, काठाला कात्रीने बारीकशी खाच देतो आणि दोन्ही हातांनी ते टर्रकन फाडतो. खाच नसेल तर तेच कापड फाडताना दमछाक होते. असे का? कारण ओढ बसली की खाचेच्या टोकाशी सारा ताण एकवटतो. यंत्रांच्या धातूच्या भागांचेही असेच असते. तिथे मात्र हे नजरेआड झाले तर माणसांचे प्राण जातात.

आकाशात फुटलेली विमाने

२ मे १९५२ रोजी ब्रिटनच्या ‘कॉमेट’ विमानाने जगातील पहिली नियमित प्रवासी जेट सेवा सुरू केली. हे विमान खूप उंचावरून उडे. तिथली हवा विरळ, म्हणून केबिनमध्ये हवेचा दाब वाढवावा लागे. प्रत्येक उड्डाणात केबिन फुग्यासारखी किंचित फुगे आणि उतरल्यावर पूर्ववत होई.

१० जानेवारी १९५४ रोजी सिंगापूरहून लंडनला निघालेले कॉमेट रोमहून उडाल्यावर एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. ३५ जण दगावले. सेवा थांबवली गेली, शंका होती तिथे दुरुस्त्या केल्या आणि मार्चमध्ये विमाने पुन्हा उडू लागली. ८ एप्रिलला दुसरे कॉमेट इटलीजवळच्या समुद्रात पडले. आणखी २१ बळी गेले. खरे कारण कोणालाच सापडले नव्हते!

मग फार्नबरो येथील संशोधन संस्थेने एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवले. केबिनमध्ये पाणी भरून दाब वाढवायचा, कमी करायचा, पुन्हा वाढवायचा, असे दिवसरात्र चालले. हवा न वापरता पाणी का? हवा दाबली जाते आणि केबिन फुटताच स्फोट होतो. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे तडा जिथे पडला तिथेच पाहता येतो. पूर्वीची आणि टाकीतली मिळून ३०५७ उड्डाणे भरली तेव्हा केबिन फाटली. सुरुवात झाली होती एका चौकटीच्या कोपऱ्यातून. समुद्रातून काढलेल्या अवशेषांतही छतावरील अँटेनाच्या खिडकीच्या कोपऱ्याजवळ तसाच तडा आढळला. कोपऱ्यातला ताण निर्मात्यांच्या हिशेबापेक्षा बराच जास्त होता. वारंवार ताण पडून धातू ‘थकला’ होता.

ताण दिसतो कसा?

ताण डोळ्यांना दिसत नाही, पण तो पकडण्याच्या युक्त्या आहेत. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत ‘स्ट्रेन गेज’ तयार झाला. ही एक बारीक तार असते. ती धातूवर चिकटवली की धातूबरोबर ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून ताण मोजता येतो.

दुसरी युक्ती आपल्याला घरीही करता येईल. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहा. रंग नीट दिसले नाहीत तर गॉगल थोडा फिरवा. पट्टीत रंगीत पट्टे उमटलेले दिसतील. काही पट्टी बनवतानाच अडकून राहिलेल्या ताणाचे असतात. पट्टी वाकवली की ते सरकतात. छिद्र किंवा कोपरा असेल तिथे ते दाटीवाटीने जमतात. प्लॅस्टिकचे नमुने करून अभियंते अशाच रीतीने ताण ‘पाहत’ आले आहेत.

तिसरी युक्ती संगणकाची. ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीत यंत्राच्या भागाचे कागदोपत्री हजारो बारीक तुकडे पाडतात आणि प्रत्येकावरचा ताण गणिताने काढतात. तिला हे नाव अमेरिकेतील प्रा. रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. पण कोपऱ्यात तुकडे मोठे घेतले, तर नेमका तिथलाच ताण निसटतो. म्हणूनच संगणक हाताशी असतानाही नव्या विमानाच्या सांगाड्यावर प्रत्यक्ष दाब देऊन चाचणी घेतात.

पुढच्या वेळी विमानात बसाल तेव्हा खिडकीचे कोपरे मुलांना जरूर दाखवा. त्यांना छान गोलाई असते. ती केवळ शोभेसाठी नाही. त्या गोलाईमागे १९५४ सालच्या ५६ माणसांची आठवण आहे.