मनातले दप्तर

सरकारी कचेरीत जुना कागद सहसा फाडला जात नाही. मनातले दप्तर तर त्याहून चिवट. एका वरिष्ठाने माझ्याविषयी लिहिलेला प्रतिकूल शेरा मी अकरा वर्षे जपून ठेवला आहे. तेव्हा क्षमेवर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच.

एक प्रसंग मात्र सांगतो. ट्रान्सवालमधील हिंदी लोकांनी स्वेच्छेने नोंदणी करावी, मग सक्तीचा कायदा रद्द होईल, अशा समजुतीने गांधीजींनी सरकारशी तडजोड केली. १० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्ग येथे ते नोंदणीसाठी निघाले असता मीर आलम या पठाणाने त्यांच्यावर लाठी चालविली. हा त्यांचा जुना अशील. बोटांचे ठसे देणे म्हणजे कौमाशी दगा, असे त्यास मनापासून वाटत होते. शुद्धीवर येताच गांधीजींनी कळविले, की त्याच्यावर खटला नको. त्याला योग्य वाटले ते त्याने केले. तरीही भर रस्त्यातला गुन्हा म्हणून मीर आलमला तीन महिन्यांची सक्तमजुरी झालीच. क्षमा जखमी माणसाच्या हाती असते, शिक्षेची माफी नसते. हा भेद आम्हां नोकरशहांना तरी ठाऊक असावा.

कायदा रद्द झाला नाही. १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या आवारात परवान्यांची होळी झाली. त्या सभेत मीर आलमने उठून आपली चूक कबूल केली आणि स्वतःचा परवाना जाळण्यास दिला. गांधीजींनी त्याचा हात हाती घेतला. राग आपल्या मनात कधी नव्हताच, असे ते म्हणाले.

माझ्या वरिष्ठाने तो शेरा का लिहिला, हे मी अद्याप त्यांना विचारलेले नाही.