सावड मोडते तेव्हा

बदलापूरजवळच्या एका गावात ओळखीच्या घरी गेलो होतो. ओटीवर उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेला सोफा होता, त्यावरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. मागच्या अंगणात दोन भावांच्या मध्ये नवीन भिंत उभी राहिली होती. जमीन महामार्गात गेली, मोबदला आला आणि भावाने बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं. ‘ताई, इथे सही कर, नुसता कागद आहे.’ ‘आणि माझा वाटा?’ एवढंच तिने विचारलं. त्यानंतर त्या घरात भाऊबीज झाली नाही.

गाव म्हणतं, पैसा डोक्यात गेला. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात हे वाक्य सतत कानावर येतं. विज्ञानाला ते अर्धंच पटतं.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या पॉल पिफ आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा अभ्यास पुष्कळ गाजला. झेब्रा क्रॉसिंगवर पादचारी उभा असताना महागड्या गाड्यांचे चालक न थांबता पुढे जाण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पण नेदरलँड्समध्ये जेम्स अँड्रिओनी आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्याच्या नावाची पैशांची पाकिटं मुद्दाम चुकीच्या घरांत टाकली, तेव्हा श्रीमंत घरांनी ती गरीब घरांच्या दुपटीहून जास्त वेळा परत केली. गरिबांची नीती कमी पडली असं नव्हे. त्यांच्यामागे रोजच्या खर्चाची टंचाई होती. म्हणजे श्रीमंत तेवढा वाईट, हे सरळ गणित टिकत नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो मायकेल क्राउस, स्टेफान कोटे आणि डॅकर केल्टनर यांचा २०१० चा अभ्यास. समोरच्याच्या चेहऱ्यावरची भावना ओळखण्यात सामाजिकदृष्ट्या खालच्या थरातली माणसं अधिक अचूक निघाली. ज्याचं काम दुसऱ्यावाचून अडतं, त्याला दुसऱ्याचा चेहरा वाचावाच लागतो.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, सावड. आज तुझ्या खाचरात लावणी, उद्या माझ्या. मजुरीचा हिशेब नाही. भावकीत कितीही धुसफूस असली तरी पाऊस लागला की चिखलात एका ओळीत उभं राहावंच लागायचं. भांडण मिटत नसे, पण रुसून बसायला वेळही मिळत नसे. खाचर विकलं की ती गरज संपते. भाऊ तोच असतो, पण त्याला आता कुणाचा चेहरा वाचायचं कारण उरत नाही.

मग पैसा आला की नाती तुटणारच? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा अनुभव वेगळं सांगतो. तिथल्या चेरोकी जमातीने १९९६ पासून कॅसिनोच्या नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येकाला, बाईलाही पुरुषाइतकाच, वर्षातून दोनदा द्यायला सुरुवात केली. जेन कॉस्टेलो यांचं पथक तिथल्या मुलांचा अभ्यास आधीपासूनच करत होतं. गरिबीतून वर आलेल्या घरांत मुलांच्या वागणुकीच्या तक्रारी कमी झाल्या, कारण आईबापांना त्यांच्याकडे बघायला उसंत मिळाली.

तिथे पैसा थोडाथोडा आणि सगळ्यांच्या नावाने आला. आपल्याकडे मोबदला एकरकमी येतो, आणि सातबाऱ्यावर ज्यांची नावं असतात त्यांच्याकडेच जातो. वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः मुलाइतका हक्क दिला. दुरुस्तीच्या आधी वडील वारले असले तरी तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही हक्कसोडपत्र हा माहेर टिकवण्याचा दाखला मानला जातो. सही केली तर वाटा गेला, नाही केली तर माहेर गेलं. भावाच्या स्वभावाला दोष देताना बहिणीपुढचा हा पेच आपण बघतच नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

त्या ताई आता अंबरनाथला राहतात. पूर्वी दर दिवाळीला माहेरून नव्या तांदळाची पिशवी यायची. यंदा त्यांनी दुकानातून पाच किलो आणला. शिजताना त्याला वास येत नाही, म्हणाल्या.