आधी टायरात हवा, मग पनवेलमध्ये हवा!

पिकअप ट्रक घेतलाय किंवा घ्यायचा विचार आहे? मग लाइट बार, बंपर आणि कॅनोपीच्या दुकानात शिरण्याआधी हे वाचा. खर्चाचा क्रम चुकला, तर दिसायला दणकट गाडी घाटात दगा देऊ शकते.

शनिवारी सकाळी पळस्पे फाट्यावर दहा मिनिटं उभे राहा. गोवा हायवे आणि जुना पुणे रस्ता इथेच वेगळे होतात. भाजीच्या क्रेटनी भरलेली बोलेरो पिकअप जाते, मागोमाग पाण्याचे जार घेतलेला छोटा हत्ती जातो आणि मग येते ‘ती’. चार दरवाजे, मागे मोकळा हौदा, छतावर लाइट्सची माळ, ढोपराएवढे टायर. आत गॉगल लावलेली चौकडी. सोमवार ते शुक्रवार बेलापूर नाहीतर ऐरोलीचं ऑफिस, शनिवार-रविवार माळशेज, मुरुड नाहीतर कुणाच्या तरी मामाचं फार्महाऊस!

पिकअप आपल्याकडे नवी नाही. टाटांची टाटामोबाइल १९८८मध्ये आली, तीही आपल्या पुण्यात बनलेली. पुढे स्कॉर्पिओ गेटअवे आली, झेनॉन आली. पण तेव्हा पिकअप म्हणजे धंद्याची गाडी, हे समीकरण पक्कं होतं. २०१६मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२मध्ये टोयोटाची हायलक्स भारतात आली आणि हौदावाली गाडी एकदम ‘कूल’ झाली. काहींनी तर घरच्या धंद्यातली जुनी पिकअपच चकाचक करून घेतली.

गोची इथेच होते. गाडी घेतल्या घेतल्या पहिला खर्च होतो तो दिसणाऱ्या गोष्टींवर. अॅक्सेसरीजवाल्याकडे एक शनिवार गेला, की हजारांचं बिल लाखांवर कधी जातं ते कळतही नाही. आणि ब्रेक ऑइल? ‘बघू पुढच्या सर्व्हिसिंगला.’

फंडा नंबर एक : वजाबाकी

आरसी कार्ड काढा. त्यावर वजनाचे दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. त्यांच्यातला फरक ही तुमची खरी श्रीमंती. माणसं, सामान आणि नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू यातूनच वजा होते.

समजा हा फरक ५०० किलो आहे. सरासरी ७० किलोची पाच माणसं बसली, की ३५० गेले. उरले १५०. आता हौद्यावर ८० किलोची कॅनोपी आणि ३० किलोचा स्टीलचा रॅक चढवलात, तर तंबू, आइसबॉक्स, गॅस आणि पाण्याचे कॅन यांच्यासाठी उरतात फक्त ४० किलो. म्हणजे ‘काहीही भरा’ म्हणून घेतलेली गाडी सामान ठेवण्याआधीच जवळजवळ फुल्ल! म्हणून कुठलीही अॅक्सेसरी घेताना किमतीआधी वजन विचारा.

पाटे वाढवायचे का?

बहुतेक पिकअपना मागच्या बाजूला पाटे असतात. ते ओझं वाहण्यासाठी बनवलेले, त्यामुळे हौदा रिकामा असला की खड्ड्यात मागचा भाग उडतो. मागे बसलेल्यांची कंबर लगेच तक्रार करते. यावर दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो पाटा काढून टाक, दुसरा म्हणतो एक वाढव.

दोघांनाही नम्र नमस्कार करा. पाटा काढला, की भरलेली गाडी मागे बसते. वाढवला, की रिकामी गाडी आणखी कडक होते आणि पावसात मागच्या चाकांची पकड कमी होते. शिवाय पाटा वाढवला म्हणून आरसीवरची वजनाची मर्यादा वाढत नाही. आधी शॉकअप गळतायत का, पाट्यांचे बुश झिजलेत का आणि यू-बोल्ट सैल आहेत का ते बघून घ्या. निम्मी खडखड तिथेच संपते. एवढं करूनही समाधान झालं नाही, तर तुमच्या नेहमीच्या ओझ्याला साजेसे चांगले शॉकअप, हे पुढचं शहाणं अपग्रेड.

टायर : खर्च करायचा तर इथे

रस्त्याला टेकतात ती फक्त चार टायरची तळहाताएवढी चार ठिकाणं. मड टायर फोटोत भन्नाट दिसतात, पण तुमची गाडी पाच दिवस कामोठे-खारघर-बेलापूर करत असेल, तर त्यांचा घोंघाट ऐकून तुम्हीच वैतागाल. ओल्या डांबरावर त्यांची पकडही बेताचीच. डांबरच जास्त असेल तर हायवे टायर. महिन्यातून दोन-तीनदा कच्चा रस्ता, शेत, नदीकाठ असेल तर ऑल-टेरेन.

साइज मात्र कंपनीने दिलेल्या मर्यादेतच ठेवा. टायरचा व्यास ५ टक्के वाढला, तर अचूक मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०५ने पळत असेल. पुणे एक्स्प्रेसवेवर २०२४पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू आहे आणि तिला तुमच्या मीटरशी काही देणंघेणं नाही. ई-चलन थेट मोबाइलवर!

घेताना टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ‘नवा’ म्हणून जुना माल गळ्यात पडायला नको. नक्षीची खोली १.६ मिमीवर आली की कायद्याने टायर बाद. पण पनवेलच्या पावसात ३ मिमी उरली, की बदलण्याची तयारी करा.

आणि हवा! पिकअपमध्ये रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, बऱ्याचदा पुढचा आणि मागचाही. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर तो छापलेला असतो. पंपावरच्या मुलाला ‘सगळीकडे सारखीच टाक’ सांगणं बंद करा. हौद्याखाली टांगलेली स्टेपनीही दोन-तीन महिन्यांनी उतरवून बघा. चिखल-पाण्याने तिची साखळी गंजते. ऐन वेळी ती खालीच आली नाही, तर त्या पाचव्या टायरचा काय उपयोग?

घाट आणि ब्रेक

पनवेलकरांच्या वीकेंडला घाट हा बहुतेक वेळा असतोच. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना भरलेल्या पिकअपचं सगळं ओझं ब्रेकवर येतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. जुन्या ऑइलमध्ये पाणी वाढलं, की ते कमी तापमानाला उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला तरी पेडल नुसतं खाली जातं. बंपर कितीही जाडजूड असो, या क्षणी तो कामाचा नाही.

म्हणून मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल, तर दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलाच. पुढचे पॅड आणि मागचे लायनर पावसाळ्याआधी उघडून बघायला सांगा. आणि जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळा : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

एक छोटी गोष्ट बरेचजण विसरतात. हौदा भरला की गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर लाइटची पातळी खाली करायचं छोटं चाक असतं. ते फिरवायला एक पैसा लागत नाही.

पावसाळा : मेच्या शेवटी एक दिवस काढा

जूनचे ढग आले की गॅरेजमध्ये रांगा लागतात, त्याआधी जा. गाडी खालून धुऊन घ्या, गंज घासून काढा आणि मगच अंडरबॉडी कोटिंग करा. गंजावरच कोटिंग मारलं, तर आत गंज सुखाने वाढतो. खाडीकडच्या, उरणकडच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. हौद्यात प्लास्टिकचा लायनर असेल, तर वर्षातून एकदा तो उचला. पाणी निघून जायची भोकं मातीने बुजलेली असतात आणि खाली तळं साचलेलं असतं.

डिझेल फिल्टरमधलं पाणी काढून घ्या. पाण्यातून गाडी घातली असेल, तर डिफ्रन्शियलचं ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, लगेच बदला. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनचं जादा कलम आहे का, हे म्हणूनच विचारायचं.

फोर बाय फोरवाल्यांसाठी : तो लिव्हर चढताना आणि चिखलातून निघताना मदत करतो, थांबताना नाही. कोरड्या डांबरावर तो वापरू नका. मात्र महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडा चालवा, म्हणजे आतलं ऑइल फिरतं राहतं.

ऑफिसवाल्यांचा खास आजार

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला त्याला सलग, एकसारखी धाव लागते. रोज पाच किलोमीटर ऑफिस आणि वाटेत आठ सिग्नल, यात ते जमतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिसला की मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हायवेवर सलग चालवा, दुर्लक्ष करू नका. इंजिन ऑइलही मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. स्वस्तातलं ऑइल हा फिल्टर लवकर बुजवतं. रस्त्यांची कामं, खाणी आणि डंपर यांची आपल्याकडे कमी नाही, तेव्हा एअर फिल्टरही सर्व्हिसिंगची वाट न बघता मध्येच एकदा उघडून बघा.

आरटीओ काय म्हणतं?

गाडी एमएच-४६ची असो की आणखी कुठली, कायदा एकच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढचा लोखंडी बुल बार तर २०१७च्या डिसेंबरमध्येच केंद्राने बेकायदा ठरवला. समोरच्या पादचाऱ्याला तो जीवघेणा ठरतो आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यातही अडथळा आणू शकतो. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद हवी. वायरिंग कापून जोडलेले लाइट वॉरंटीच्या मुळावर येतात. आणि हौद्यात मित्रांना उभं करून मिरवणं? अजिबात नाही.

बोनस कुठे घालवायचा?

*पहिला हप्ता :* ब्रेक, सगळी ऑइल, फिल्टर, बुश, व्हील अलाइनमेंट.
*दुसरा हप्ता :* योग्य टायर आणि गरज असेल तर शॉकअप.
*तिसरा हप्ता :* हौद्याचा लायनर, सामान बांधायचे हुक आणि पट्टे, हलकं ताडपत्रीचं कव्हर.
*उरलं तर :* सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम, स्टिकर. करा हौस!

यातला पहिला हप्ता कुणालाच दिसत नाही. त्याचा फोटो टाकता येत नाही, त्याला लाइक्स मिळत नाहीत. पण भर पावसात, मागे आई-बाबा आणि पुढे धुकं असताना, घाटातल्या वळणावर पेडलवर पाय ठेवल्याबरोबर गाडी जागच्या जागी थांबते ना, ते त्याचंच काम.