संकटकालीन दूरध्वनी आणि स्थलनामे : अहिल्यानगर जिल्ह्यातील एक भाषिक प्रश्न

१

संकटात सापडलेल्या माणसाने दूरध्वनीवरून मदत मागावी आणि शासनाने ती पोहोचवावी, ही व्यवस्था आज सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. तथापि तिचे वय फार नाही. लंडन शहरात १९३५ च्या नोव्हेंबर महिन्यात विंपोल स्ट्रीटवरील एका घरास आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने दूरध्वनी केला होता, परंतु त्याची हाक इतर साध्या मागण्यांच्या रांगेत अडकून पडली. त्यातून ३० जून १९३७ रोजी ९९९ हा तातडीचा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ या क्रमांकावरील पहिला संदेश १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहानशा गावातून गेला.

आपल्याकडे पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१ असे निरनिराळे क्रमांक दीर्घकाळ चालत आले. रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकाची सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर केंद्र शासनाने २०१३ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी स्थापन केला आणि त्यातून सर्व देशाकरिता ११२ या एकाच क्रमांकाच्या योजनेस ३२१.६९ कोटी रुपये मंजूर झाले. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ पासून चालू आहे. तिचे मुख्य केंद्र नवी मुंबईस असून दुसरे नागपुरास आहे.

या अनुदानातून केंद्रे उभी राहिली, संगणक व नकाशे आले, गस्तीच्या वाहनांत पडदे बसले. हे सर्व आवश्यकच होते. परंतु संकटकालीन संदेश हा प्रथमतः एक भाषिक व्यवहार आहे, आणि त्याच्या यशापयशाचा मोठा भाग बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेल्या एका शब्दावर, म्हणजे स्थलनामावर, अवलंबून असतो. या शब्दाकडे अनुदान देणाऱ्यांचे व घेणाऱ्यांचे लक्ष अद्याप पुरेसे गेलेले नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

यंत्रास ठिकाण कळते, मग नावाची गरज काय, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. दूरध्वनीच्या मनोऱ्यावरून ठिकाणाचा अंदाज येतो हे खरे. परंतु रानात मनोरे विरळ असल्याने तो अंदाज कित्येक किलोमीटरांचा असू शकतो. उपग्रहाच्या साह्याने नेमके ठिकाण सांगणारा फोन प्रत्येकाच्या हाती नसतो. शिवाय गावी एकट्या राहणाऱ्या आईला छातीत कळ आली की ती प्रथम पुण्याच्या मुलास फोन करते, आणि मुलगा ११२ फिरवतो. अशा वेळी यंत्र पुणे दाखविते. खरे ठिकाण केवळ मुलाच्या शब्दांत असते.

आता अहिल्यानगर जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. १७,००० चौरस किलोमीटरांहून अधिक विस्तार, १४ तालुके आणि सुमारे १,६०० गावे. २०२४ मध्ये त्याचे अहमदनगर हे नाव बदलून अहिल्यानगर झाले. बोलणारे लोक मात्र पूर्वीपासून नुसते ‘नगर’ म्हणतात. एकाच जिल्ह्याची ही तीन नावे केंद्रातील नामसूचीत एकत्र असावयास हवीत, ही झाली पहिली आणि सोपी गोष्ट.

दुसरी गोष्ट समान नावांची. ‘टाकळीहून बोलतोय’ एवढेच कानी पडले तर कोणती टाकळी समजावी? पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर आहे, श्रीरामपुरात टाकळीभान, राहुरीत टाकळीमियाँ, पाथर्डीत टाकळी मानूर, नगर तालुक्यात टाकळी काझी. वडगाव म्हणावे तर वडगाव गुप्ता, वडगाव पान आणि वडगाव सावताळ. निमगाव म्हणावे तर निमगाव वाघा, निमगाव जाळी आणि निमगाव गांगर्डा. नावाचे हे दुसरे पद कागदोपत्री असते, परंतु गावचा माणूस ते बोलताना गाळतो. कारण त्याच्या नित्य व्यवहारात टाकळी एकच असते. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ यांचीही तीच गत.

तिसरी गोष्ट व्याकरणाची आहे. मराठीत स्थलनाम प्रथमेत क्वचितच बोलले जाते. त्यास प्रत्यय लागतो आणि प्रत्ययापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. या जिल्ह्यातील ‘अकोले’ हे नाव एकारान्त, आणि विदर्भातील ‘अकोला’ हे आकारान्त. प्रथमेत त्यांचा भेद स्पष्ट आहे. परंतु दोहोंचे सामान्यरूप ‘अकोल्या’ असेच होते. ‘अकोल्याला अपघात झालाय’ या वाक्यावरून सह्याद्रीच्या कुशीतील अकोले की विदर्भातील अकोला, हे कोणताही वैयाकरण सांगू शकणार नाही. कर्जताच्या बाबतीत तर प्रथमाही उपयोगी पडत नाही. एक कर्जत या जिल्ह्यात आहे, दुसरे रायगड जिल्ह्यात. आणि नवी मुंबईत बसलेल्या कर्मचाऱ्यास दुसरेच आधी आठवणार, हे उघड आहे.

३

गावाचे नाव कळल्याने काम संपत नाही. या जिल्ह्यात, विशेषतः प्रवरा, मुळा व गोदावरी यांच्या कालव्यांखालील भागात, लोक गावठाणापेक्षा शेतातील वस्त्यांवर अधिक राहतात. वस्तीचे नाव आडनावावरून पडलेले असते, म्हणून ‘शिंदेवस्ती’ वा ‘पवारमळा’ गावोगाव आढळतो. त्याखालची खूण ‘चारीच्या कडेला’, ‘वरल्या अंगाला’, ‘ओढ्याच्या पल्याड’ अशी सांगितली जाते. येथे ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द जमिनीच्या उतारावरून व पाण्याच्या वाहण्यावरून ठरलेले असतात. दिशेचे हे गणित अत्यंत नेमके आहे. मात्र ते त्या गावच्याच माणसास उलगडते. महसुली कागदात या जागेस गट क्रमांक असतो, पण संकटाच्या वेळी तो कोणाच्या ओठावर येत नाही.

सर्वांत बिकट अवस्था परक्या माणसाची. ऊसतोडीच्या हंगामात पाथर्डी, जामखेड व शेजारच्या बीड जिल्ह्यातून टोळ्या येतात आणि फडाजवळ कोप्या घालून राहतात. रात्री एखादीस प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या, वा बिबट्या कोपीशी आला, तर फोन करणाऱ्यास ‘मुकादमानं इथं आणून सोडलंय’ यापलीकडे काय सांगता येणार? ज्याला मदतीची निकड अधिक, त्याच्यापाशी नाव नसते.

‘इथं’ हा शब्द या व्यवहारात वारंवार येतो. प्रस्तुत लेखकासही त्याचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी चंदनापुरी घाटात रात्री एक मोटारसायकल घसरलेली पाहून फोन केला असता, ‘आपण कुठे आहात?’ या प्रश्नास ‘इथेच, वळणावर’ असे उत्तर तोंडून गेले. ज्याचा व्यवसायच दर्शक शब्दांचा अभ्यास आहे, त्याची ही कथा! ‘इथे’ या शब्दाचा अर्थ ऐकणारा समोर असेल तरच पुरा होतो.

नाशिक, पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत वापरली गेलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तीत ठरावीक क्रमांकावर बोललेला संदेश बोलणाऱ्याच्याच आवाजात गावातील नोंदलेल्या सर्व फोनांवर जातो. ऐकणारे गावचेच असल्याने ‘ओढ्याच्या पल्याड’ एवढे पुरते. जुन्या दवंडीचे बळ हेच होते. दूरच्या केंद्रास ते बळ कशातून द्यावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

४

अमेरिकेतील अनुभव येथे मार्गदर्शक ठरेल. तेथील ग्रामीण भागात कित्येक घरांना केवळ टपालमार्गाचा क्रमांक होता. ९११ ची सेवा पोहोचविताना प्रथम रस्त्यांना नावे व घरांना क्रमांक द्यावे लागले. नवी यंत्रे बसविण्यासाठी २०१९ मध्ये ३४ राज्ये व दोन आदिवासी राष्ट्रांना सुमारे ११ कोटी डॉलरांची संघीय अनुदाने मिळाली ती त्यानंतरची गोष्ट.

आपल्याकडेही अनुदानाचा एक लहानसा अंश स्थलनामांच्या संग्रहासाठी राखून ठेवावा. प्रत्येक गावाच्या वस्त्या, मळे, चाऱ्या, देवळे व फाटे यांची बोलीतील नावे, त्यांची पर्यायी व सामान्यरूपे आणि नकाशावरील स्थान, असा हा संग्रह असावा. १९६७ च्या कायद्याखालील पोलीस पाटील व गावचे शिक्षक ही माहिती सहज देऊ शकतील. अकोल्याच्या डोंगरी भागात ठाकर व महादेव कोळी बोलणाऱ्यांची नावे त्यांच्याच तोंडून टिपावी लागतील. हंगामापूर्वी प्रत्येक फडाचे नाव मुकादमाने टोळीस पाठ करून द्यावे. केंद्रातील कर्मचाऱ्यास ‘कुठे आहात?’ ऐवजी ‘तालुका कोणता? बाजारास कोणत्या गावी जाता? जवळ कोणते देऊळ, कोणती चारी?’ असे विचारण्याची सवय लावावी.

या कामास भाषाशास्त्र विभागांनी पुढे यावयास हवे. स्थलनामांचा अभ्यास आपण आजवर व्युत्पत्ती आणि इतिहास यांसाठी केला, आणि तो व्यर्थ नव्हे. परंतु कोपीतील त्या बाईपर्यंत रुग्णवाहिका वेळेत पोहोचण्यास त्याचा उपयोग होणार असेल, तर तो आणखी लांबणीवर टाकण्यास कोणतेही सबळ कारण दिसत नाही.