कात आणि ओलावा

एखादी संस्था सुधारली की तिने ‘कात टाकली’ असे आपण सहज म्हणतो. जणू सापाच्या मनात आले की कात निघाली! पण त्यासाठी हवेत ओलावा लागतो, हे मला गेल्या हिवाळ्यात शिकागोला आत्याकडे राहिलो तेव्हा कळले.

माझ्या आतेभावाने तिथे बॉल पायथन पाळला आहे. हा घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकी प्रदेशातला लहानखुरा, बिनविषारी अजगर. जानेवारीत त्याची कात एकसंध न निघता तुकड्यातुकड्यांनी निघाली. शेपटीच्या टोकाला एक कडे राहिले आणि डोळ्यांवर जुने पापुद्रे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर त्याचाही वरचा थर निघावा लागतो. तो साचत गेला तर नजर अधू होते. शेपटीवरचे कडे आवळले तर रक्तपुरवठा थांबून टोक झडते. आतेभाऊ चिमटा घेऊन पापुद्रा ओढायलाच निघाला होता. पशुवैद्याने फोनवरच त्याला थांबवले. ओढाओढीत डोळा कायमचा जाऊ शकतो.

दोष सापाचा नव्हता, हवेचा होता. कात निघण्यापूर्वी जुन्या आणि नव्या त्वचेमध्ये पातळ द्रव साठतो. तेव्हा डोळे दुधी-निळसर दिसतात. हवा कोरडी असली की जुनी त्वचा वाळून चिकटून बसते. शिकागोत बाहेर बर्फ, घरात हीटर! शून्य अंशावरची बाष्पाने भरलेली हवा २० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम २६ टक्के उरते. या सापाला साधारण ५० ते ६० टक्के लागते, कात टाकताना ७०च्या आसपास. मायदेशी तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दडतो. बाहेर रखरखाट असला तरी तिथली हवा दमट राहते.

मग आम्ही पेटीच्या जाळीचे झाकण निम्मे झाकले, पाण्याचे पसरट भांडे उबदार बाजूला सरकवले आणि एका डब्याला भोक पाडून त्यात भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ ठेवले. हेच त्याचे वारूळ. सापाच्या उंचीवर आर्द्रतामापक लावला. आतेभाऊ उत्साहाने सगळीकडे पाणी शिंपडू लागला, तेही चूकच. ओल्या जमिनीवर सतत पडून राहिल्यास पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, बुरशी धरते; कोंदट हवेत श्वसनाचे विकार जडतात. हवा दमट हवी, पण खेळती. आणि जमीन कोरडी.

शेवाळाच्या डब्यात शेपटीचे कडे सुटले. डोळ्यांचे पापुद्रे मात्र राहिले. मी परतल्यावर मार्चमध्ये छायाचित्र आले: अखंड कात, पायमोज्यासारखी उलटी निघालेली, आणि डोळ्यांच्या जागी दोन स्वच्छ चकत्या.

कुणी घरी काचपेटी मांडावी म्हणून हे लिहिलेले नाही. नाग, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप घरात ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. एवढेच वाटते, की कुणाला ‘आता कात टाक’ असे बजावताना त्याच्या भोवती ओलावा आहे का, हेही आपण पाहावे.