चार वेळा एकच आमदार

अकोला जिल्ह्यातलं बार्शीटाकळी विधानसभेसाठी मूर्तिजापूर मतदारसंघात मोडते. 2004 मध्ये इथून राष्ट्रवादीचे तुकाराम बिडकर निवडून आले होते. मग पुनर्रचना झाली, जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि 2009 पासून भाजपचे हरीश पिंपळे सलग चार निवडणुका जिंकत आले. पण 2019 ची मतमोजणी आठवा! वंचित बहुजन आघाडीच्या प्रतिभा अवचार यांनी त्यांना असं गाठलं, की विजयाचं अंतर दोन हजार मतांच्याही आत राहिलं. माझ्या मते अकोला जिल्ह्यात वंचितची ताकद किती खोलवर आहे, हे समजायला तो निकाल अभ्यासावाच. 2024 मध्ये मात्र पिंपळेंनी तीस हजारांहून जास्त मतांनी बाजी मारली. प्रतिस्पर्धी होते राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे सम्राट डोंगरदिवे.